हर्बल आरसीटी (रूट कॅनाल ट्रीटमेंट) करून आलो : डॉक्टरांना साडेचार स्टार, बाहेरच्या पाटीला दोन

क्लिनिकचं नाव टाकत नाहीये, आधीच सांगून ठेवतो. डॉक्टरांबद्दल तक्रार शून्य आहे, उलट कौतुकच लिहिणार आहे, पण रिसेप्शन आणि बिलावरून जी कुरबूर झाली ती पण लिहायचीय आणि नंतर कुणाशी वाद घालत बसायला मला वेळ नाही. कोथरूडात आहे, कर्वे रोडच्या आतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एवढं पुरे.

थोडक्यात सांगायचं तर डॉक्टर बाई एक नंबर. दाढ शांत आहे, त्या बाजूने व्यवस्थित चावतोय, परवा चकलीसुद्धा खाल्ली. पण बाहेर जी हिरवीगार पाटी लावलीये ना, ‘केमिकल-फ्री हर्बल रूट कॅनाल’, कडुलिंबाची पानं वगैरे काढून, ती बघून जाणार असाल तर आधी हे वाचा. आत जे काही होतं ते केमिकल-फ्री नसतं, आणि नसतं तेच बरंय.

माझी खालची डावीकडची पहिली दाढ. त्यात फार जुनी चांदी भरलेली होती, तिच्या कडेने कीड आत शिरली. सुरुवातीला नुसतं गार लागायचं, ते मी चालवून घेतलं, मग गरम चहाचा घोट गेला की कळ जायला लागली, आणि मग रात्री काहीही न खाता-पिता आपोआप ठणका. लवंग तेलाचा बोळा ठेवून थोडे दिवस ढकलले. लवंगेतलं युजेनॉल नस तेवढ्यापुरती बधिर करतं, बरं वाटतं, पण कीड आहे तिथेच असते, आणि बोळा हिरडीला लागला की हिरडी भाजल्यासारखी होते ते वेगळंच. तर बायकोच्या भिशीतल्या एकीने हे क्लिनिक सुचवलं, ‘अहो त्यांच्याकडे सगळं आयुर्वेदिक असतं, अजिबात त्रास नाही होत’. आमची आई शेजारीच बसली होती. तिचा हिरडा, बेहडा, आवळा यांच्यावर एवढा विश्वास की डॉक्टरांनी त्रिफळा म्हटलं की बाकी डिग्री बघायची गरज नाही. त्यामुळे घरात ठराव एकमताने पास.

पार्किंग नावालाच. खाली चार टूव्हीलर लागतात, त्यातल्या दोन स्टाफच्या. चारचाकी आणूच नका, रिक्षाने या, नाहीतर गाडी टोईंगवाल्यांच्या स्वाधीन. वेटिंग एरिया छान, एसी, पाणी, जुनी मासिकं नाहीत हे विशेष. टेबलावर चकचकीत पॅम्प्लेट, त्यात तुळस, हळद, कडुलिंब, त्रिफळा, ग्रीन टी असं सगळं ओळीने, आणि खाली ‘शून्य साइड इफेक्ट’.

रिसेप्शनवरच्या मुलीने रेट सांगितले. रेग्युलर आरसीटी सहा हजार, हर्बल आरसीटी साडेसात, कॅप वेगळी. म्हटलं दीड हजार कशाचे? तर म्हणाली, ‘सर, रेग्युलरमध्ये केमिकल्स असतात, हर्बलमध्ये नसतात.’ म्हटलं मग केमिकल काढलं तर स्वस्त नको का व्हायला? यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की हे काका आता तासभर जाणार नाहीत. ‘ते डॉक्टर सांगतील सर, तुम्ही बसा.’

आता डॉक्टरांबद्दल. तरुण आहेत, एमडीएस एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे आरसीटी हाच त्यांचा विषय. पुण्यात बऱ्याच ठिकाणी असतं तसं इथेही आहे, क्लिनिक एका सरांचं आणि आरसीटीला या बाई ठरलेल्या वारी बाहेरून येतात. आधी आरव्हीजी काढली, म्हणजे तो डिजिटल एक्स-रे, लगेच स्क्रीनवर येतो. कीड कुठपर्यंत गेलीये, मुळाच्या टोकाशी काही काळपट दिसतंय का, सगळं पेनने दाखवून सांगितलं. मग गार लावून बघितलं, दाढेवर ठोकून बघितलं, शेजारच्या दाढांवर पण. हे ठोकणं मी मुद्दाम लिहितोय कारण आधी एका ठिकाणी (तेही नाव नको) नुसता एक्स-रे बघून दोन दाढांची आरसीटी सांगितली होती. या बाई म्हणाल्या एकीचीच करायचीय, शेजारची ठीक आहे, तिला हात लावायचा नाही. माझे सहा हजार तिथेच वाचले.

मग मी मुद्द्याला हात घातला. ‘डॉक्टर, हर्बल म्हणजे यात ते ब्लीच-बिच घालत नाही ना?’

‘काका, खरं सांगू का? घालणार. हायपोक्लोराइटशिवाय मी आरसीटी करतच नाही. त्रिफळा आहे आमच्याकडे, पण ते सगळ्यात शेवटी.’

‘मग बाहेर पाटीवर केमिकल-फ्री लिहिलंय ते?’

बाई हसल्या. ‘ती पाटी मी नाही लावली.’

इथेच मी ठरवलं की करायची तर यांच्याकडूनच. आणि पुढची पाच-दहा मिनिटं, पेशंट नव्हता म्हणून असेल, पण त्यांनी जे समजावलं ते इतकं नीट होतं की थोडं सविस्तर लिहितो. बाकीचं घरी येऊन वाचलं, रिकामटेकडा आहे ना मी.

आपल्याला वाटतं आरसीटी म्हणजे नस काढली, भोक साफ केलं, सिमेंट भरलं, झालं. पण दाताच्या मुळातली ती कॅनाल म्हणजे सरळ नळी नसतेच. सदाशिव पेठेतल्या बोळांसारखं प्रकरण आहे, मोठा रस्ता एक, त्याला फुटलेले बोळ, बोळातून निघालेले उपबोळ, काही पुढे जाऊन परत मोठ्या रस्त्याला मिळणारे. खालच्या पहिल्या दाढेत साधारण तीन कॅनाल असतात, कधी चार. डॉक्टर जी फाईल आत फिरवतात ती मोठ्या रस्त्यानेच जाते. दात मायक्रो-सीटीत स्कॅन करून बघितलंय लोकांनी, फाईल फिरवून झाल्यावरही कॅनालच्या भिंतीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तसाच राहतो, फाईल तिथे टेकतच नाही. त्यात भिंतीला पण सूक्ष्म नलिका असतात आणि जंतू त्या नलिकांच्या आत जाऊन बसतात. म्हणजे खरी सफाई कोण करतं तर आत जे पाणी मारतात ते. डॉक्टर लोक त्याला इरिगेशन म्हणतात. आणि हे पाणी नुसतं जंतू मारणारं असून चालत नाही, मेलेल्या नसेचे जे तुकडे बोळात अडकलेत ते त्याने विरघळवायला पण पाहिजेत, कारण ते राहिले की उरलेल्या जंतूंना फुकट जेवण.

सोडियम हायपोक्लोराइट ही दोन्ही कामं करतं. घरात पांढऱ्या कपड्यांचं जे लिक्विड ब्लीच येतं तेच कुटुंब, सोसायटीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात ती पण त्याच घराण्यातली. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन नावाच्या ब्रिटिश केमिस्टने याचं अर्धा टक्क्याचं पातळ द्रावण सैनिकांच्या सडलेल्या जखमा धुवायला वापरलं, अलेक्सिस कॅरेल नावाच्या फ्रेंच सर्जनबरोबर, आणि दातवाल्यांनी पुढे तेच उचललं. आज अर्ध्यापासून सव्वापाच-सहा टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या स्ट्रेंग्थचं वापरतात. शंभर वर्षं होऊन गेली, अजून त्याच्या जागी दुसरं कोणी बसलेलं नाही. त्याच्या जोडीला १७ टक्के ईडीटीए असतं, कारण फाईल घासून भिंतीवर जो भुशाचा थर बसतो त्यातला खनिज भाग हायपोक्लोराइटला निघत नाही, तो ईडीटीए काढतं. क्लोरहेक्सिडीन पण वापरतात काहीजण, २ टक्के. ते जंतू मारतं आणि भिंतीला चिकटून बराच वेळ काम करत राहतं, पण नसेचे तुकडे विरघळवत नाही. आणि ते हायपोक्लोराइटमध्ये थेट मिसळलं तर तपकिरी गाळ तयार होतो आणि नलिकांची तोंडं बुजतात, म्हणून मध्ये सलाईनने धुवून घ्यायला लागतं.

आता लोक घाबरतात ते उगाच नाही हां. हायपोक्लोराइट जोरात मारलं आणि मुळाच्या टोकातून पलीकडे हाडात गेलं तर जागच्या जागी भयानक वेदना, गाल सुजणार, काळानिळा पडणार. चव घाणेरडी, वास उग्र, शर्टावर उडालं तर शर्ट गेला. म्हणूनच पर्याय शोधणं चालू आहे आणि आपल्या देशात यावर भरपूर काम झालंय, कारण कडुलिंब, हळद, त्रिफळा आपल्या अंगणातले. डॉक्टर बाई म्हणाल्या एमडीएसला असताना त्यांच्या बॅचमध्येच दोघांचे थिसिस यावर होते.

आणि रिझल्ट वाईट नाहीत, हे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. एन्टेरोकोकस फीकॅलिस नावाचा जंतू आहे, मूळचा आतड्यातला, फेल गेलेल्या आरसीटीमध्ये तो वारंवार सापडतो. महाचिवट. खायला नसलं तरी तग धरतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइडसारखं जहाल अल्कली पण सहन करतो. २०१० साली भारतातल्याच डेंटिस्ट लोकांचा एक पेपर जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्समध्ये आला, त्यात काढलेल्या दातांवर या जंतूचा थर वाढवून त्यावर त्रिफळा, ग्रीन टीतले पॉलिफेनॉल, एमटीएडी नावाचं औषध आणि ५ टक्के हायपोक्लोराइट लावून बघितलं. त्रिफळा आणि ग्रीन टी दोघांनीही जंतूंवर चांगला परिणाम दाखवला. पण पहिला नंबर? हायपोक्लोराइट. त्याआधी २००८ मध्ये नोनी नावाच्या फळाच्या रसाचा प्रयोग झाला अमेरिकेत, भिंतीवरचा थर काढण्यात नोनी हायपोक्लोराइटच्या तोडीस तोड निघाली, पण गंमत अशी की दोन्हीकडे नंतर ईडीटीए मारलेलं होतंच. कडुलिंबाच्या पानांच्या अर्काचे, हळदीतल्या करक्युमिनचे, मधमाश्यांच्या प्रोपोलिसचे, कोरफडीचे, मिसवाकचे, सगळ्यांचे असे पेपर आहेत.

पण यातलं बहुतेक सगळं काचेच्या बशीत नाहीतर उपटलेल्या दातात. बशीत जंतू मेला याचा अर्थ जिवंत माणसाच्या वाकड्यातिकड्या मुळात, रक्त-पू असताना, तो मरेलच असं नाही. दुसरं म्हणजे त्रिफळा म्हणजे नक्की किती त्रिफळा? हिरडा कुठल्या जंगलातला, कधी तोडलेला, अर्क पाण्यात काढला का अल्कोहोलमध्ये, यावर ताकद बदलते. हायपोक्लोराइटच्या बाटलीवर टक्के लिहिलेले असतात, त्रिफळाच्या बाटलीवर काय लिहिणार? आणि त्या प्रयोगात तर त्रिफळा डीएमएसओ नावाच्या रसायनात विरघळवलेला होता, म्हणजे केमिकल-फ्री तिथेच संपलं. तिसरं, रंग. हळद काय करते ते आपल्या ओट्याला विचारा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नसेचे मेलेले तुकडे हायपोक्लोराइटसारखे विरघळवणं या वनस्पतींना जमत नाही. एकटं त्रिफळा घालून आरसीटी केली तर बोळातला कचरा बोळातच.

मग शेवटी त्रिफळा मारायचं तरी कशाला, हा माझा पुढचा प्रश्न. त्यावर बाईंनी दिलेलं उत्तर मला पटलं, किंवा निदान प्रामाणिक वाटलं. हायपोक्लोराइटने दाताची आतली भिंत ऑक्सिडाइज होते, मग वर जे रेझिनचं फिलिंग चिकटवतात ते नीट धरत नाही. व्हिटॅमिन सीचा क्षार किंवा द्राक्षाच्या बियांचा अर्क अशा अँटिऑक्सिडंटने धुतलं तर पकड परत सुधारते असं लॅबमध्ये दिसलंय. त्रिफळातल्या आवळ्या-हिरड्यात तसलेच गुण असणार, त्यामुळे फायदा झाला तर झाला. ‘पण काका, त्यासाठी तुम्ही दीड हजार द्या असं मी नाही म्हणणार.’ हे शब्द लक्षात ठेवा, बिलाच्या वेळी लागतील.

प्रत्यक्ष ट्रीटमेंट. भुलीचं इंजेक्शन आत जबड्याच्या मागे देतात, त्याआधी जेल लावलं, सुई जाताना टोचलं तेवढंच, मग अर्धा ओठ आणि अर्धी जीभ गायब. त्यानंतर रबर डॅम लावला. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी, एक निळा पातळ रबराचा चौकोन असतो, त्याला भोक पाडून तेवढी एक दाढ बाहेर काढतात, स्टीलच्या चिमट्याने दाढेच्या गळ्याशी पकडतात आणि चौकट लावून ताणतात, बाकी तोंड सगळं रबराच्या मागे. चिमटा थोडा रुततो, नाकाने श्वास घ्यायला लागतो, सर्दी असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला. पण यामुळे थुंकी दाढेत जात नाही, बारीक फाईल घशात जायची भीती नाही, आणि हायपोक्लोराइटचा एक थेंब जिभेला लागत नाही. १८६४ सालापासून ही वस्तू आहे आणि अजून पुण्यात कितीतरी क्लिनिकमध्ये कापसाच्या गुंडाळ्यांवर काम भागवतात. माझी आधीची आरसीटी, वरच्या दाढेची, तशीच झाली होती, दुसऱ्या क्लिनिकमध्ये, आणि घशात उतरलेली ती ब्लीचची चव मला अजून आठवते. यावेळी नुसता वास आला.

मग ड्रिल, मग फाईल. बारीक फाईल आत घालून ओठाला एक हूक अडकवतात आणि मशीन टूं टूं करत मुळाचं टोक किती लांब ते सांगतं, त्याला एपेक्स लोकेटर म्हणतात. टोक जवळ आलं की टूं टूं जोरात. पाणी मारायची सुई मी मागून बघितली, दाखवा म्हटलं तर दाखवली, केसासारखी बारीक आणि टोकाला बंद, भोक बाजूला. म्हणजे प्रेशर थेट मुळाच्या टोकावर येत नाही. टोकाच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे थांबवतात, अडकू देत नाहीत, हळूहळू सोडतात. मध्येच एक अल्ट्रासोनिकची सळई घालून आतलं पाणी ढवळतात, चिंचिं आवाज येतो, दुखत नाही. हायपोक्लोराइटने होणारे अपघात टाळायला एवढं सगळं आहे, हे त्या पॅम्प्लेटवाल्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. हे छापलं असतं तर मी स्वतःहून दीड हजार जास्त दिले असते.

सगळ्यात शेवटी आलं बहुचर्चित त्रिफळा. छोट्या तपकिरी बाटलीतून सिरिंजमध्ये घेतलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. डॅमच्या कडेने एक थेंब निसटला आणि जिभेच्या जाग्या असलेल्या अर्ध्या भागाला लागला. तुरट! आईने लहानपणी चाटवलेला हिरडा एकदम. मिनिटभर ठेवलं, सलाईनने धुतलं, कागदाच्या काड्यांनी कॅनाल कोरडी केली. पहिल्या सिटिंगला आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून वर टेम्पररी फिलिंग, आणि पुढच्या आठवड्याची तारीख. त्या रात्री चावताना थोडं दुखलं, एक गोळी घेतली, झोप लागली.

पुढच्या सिटिंगला परत तेच धुणं आणि मग कॅनाल भरणं. आता इथे एक मजा सांगतो जी पाटीवर कोणी लिहीत नाही. कॅनालमध्ये ज्या गुलाबी काड्या भरतात ना, गटापर्चा, ते मलायातल्या झाडाचा चीक आहे. पॅलाक्वियम गटा नावाचं झाड. १८६७ पासून दातात भरतायत. अर्थात आजच्या काडीत चीक साधारण वीस टक्केच, बाकी मुख्यतः झिंक ऑक्साइड आणि एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून घातलेले क्षार. आणि ते चिकटवायला वर्षानुवर्षं वापरलेलं सिमेंट म्हणजे झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल, म्हणजे आपली लवंग! त्यामुळे जगातली प्रत्येक आरसीटी थोडीफार हर्बलच असते, सहा हजारवाली पण. मी हे रिसेप्शनवर बोलून दाखवलं, कोणी हसलं नाही.

हां, तर बिल. शेवटच्या दिवशी बिलात ‘हर्बल प्रोटोकॉल’ म्हणून दीड हजार वेगळे लावलेले. म्हटलं डॉक्टर स्वतः म्हणाल्या की हायपोक्लोराइट, ईडीटीए सगळं रेग्युलरचंच वापरलंय, हर्बल म्हणजे शेवटचं एक मिनिट. तर ‘सर ते पॅकेज आहे’. म्हटलं मी पॅकेज मागितलंच नव्हतं, मी विचारलं होतं. ‘सर तुम्ही फॉर्मवर सही केलीये.’ फॉर्म मागवला तर खरंच त्यात टिक होती, पण ती माझ्या पेनाची नव्हती, सहीच्या आधी कोणीतरी करून ठेवलेली. मग सरांना फोन, मग सर मीटिंगमध्ये, मग अर्धा तास एसीत बसून राहिलो. शेवटी सातशे कमी केले आणि कॅपमध्ये अ‍ॅडजस्ट करतो म्हणाले. कॅपमध्ये केले की नाही मला आजही नक्की कळलेलं नाही, कारण कॅपचा रेट आधी कोणी लिहून दिलाच नव्हता. तुम्ही जाल तर सगळं आधी कागदावर घ्या आणि फॉर्मवर टिका कुठे आहेत ते बघूनच सही करा. बाहेरचे तीन स्टार गेले ते या बिलापायी आणि त्या पाटीपायी. ‘शून्य साइड इफेक्ट’ छापणं हे मला साधं मार्केटिंग वाटत नाही, कारण ते वाचून उद्या कोणीतरी दुसऱ्या डॉक्टरला म्हणेल मला ब्लीच नको, नुसत्या त्रिफळाने करा, आणि एखादा करून पण देईल.

आईला घरी येऊन सगळं सांगितलं. तिला फक्त एवढंच ऐकायचं होतं की त्रिफळा वापरलं ना. वापरलं म्हटलं. मग झालं. तिच्या त्रिफळाच्या गुळण्यांबद्दल पण मी विचारून घेतलं होतं, बाई म्हणाल्या खुशाल करू देत, हिरड्यांना चांगलंच आहे, आणि क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने जास्त दिवसांनी दातांवर डाग पडतात तो त्रास तरी नाही. पण कीड दाताच्या आतल्या नसेला पोचली की गुळणी कसलीही करा, आत पोचत नाही.

कोणी जावं? डॉक्टर बाईंच्या दिवशी जाणार असाल तर डोळे मिटून जा. फोनवर विचारा, आरसीटीवाल्या मॅडम कोणत्या वारी असतात, त्याच वारी घ्या, आणि रेग्युलर आरसीटी सांगा. दुसरीकडे कुठेही करणार असाल तर हे नक्की विचारा की रबर डॅम लावता का, आणि कॅनाल कशाने धुता. हायपोक्लोराइट म्हणाले तर निर्धास्त बसा. ‘आम्ही फक्त नॅचरल वापरतो’ म्हणाले तर चप्पल घाला. बजेट कमी असेल तर डेंटल कॉलेजं आहेत की आपल्याकडे, धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे एमडीएस करणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, वेळ जास्त जातो, रांग असते, पण पैसे कमी लागतात.

कॅप झिर्कोनियाची घेतली, रंग शेजारच्या दाढेला अगदी जुळलाय, चावताना उंच लागत होती ती घासून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. यूपीआय चालतं, कार्डाचं मशीन बऱ्याचदा बंद असतं. दुपारी एक ते साडेचार बंद, रविवारी फक्त सकाळी. आणि गुरुवारी पाणी बंद असेल तर निघायच्या आधी फोन करा, खुर्चीला पाणी लागतं आणि यांच्या टाकीचं काही खरं नसतं.